अलास्का क्रूझवर ग्लेशियर बघायला नेमकं कुठे उभं राहायचं

ग्लेशियर बे म्हणजे अलास्कातली हिमनद्यांची खाडी, तिथला दिवस असेल ना, तर आदल्या संध्याकाळीच अख्खं जहाज पायी फिरून या, कुठल्या डेकवर बाहेर जायचं दार कुठे आहे, लिफ्टशिवाय तिथे कसं पोचायचं, सगळं बघून ठेवा. सकाळी सगळे सर्वात वर धावतात पण तिथे बऱ्याचदा उंच काचा असतात, फोटोत आपलंच लाल जॅकेट दिसतं. दोन काचांमधली फट शोधा, नाहीतर सरळ खाली प्रोमनाड डेकवर (जहाजाभोवती फेरी मारायचा डेक) या, तिथे नुसता कठडा आणि पाणी एकदम जवळ. जहाजाचं पुढचं टोक काही जहाजांवर फक्त अशा दिवशीच उघडतात, रिसेप्शनवर विचाराच. आईबाबा सोबत असतील तर मागचा डेक बेस्ट, वाऱ्याला आडोसा मिळतो.

ग्लेशियर बेमधल्या मार्जरी ग्लेशियरसमोर जहाज थांबून हळूहळू वळतं, त्यामुळे डावी की उजवी बाजू याचं टेन्शन घेऊ नका. बर्फ कोसळताना आधी दिसतो, गडगडाट मागून येतो, म्हणून आवाजाची वाट न बघता नजर कड्यावरच ठेवा, खरंच अंगावर काटा येतो! आणि कानटोपी जुलैतसुद्धा न्या.