बाळाचं सामान: न्यू जर्सीत पहिलं बाळ होणार असेल तर आधी हे वाचा

आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन आलेल्या एका मुलीला आठवा लागलाय, तिने मला मागच्या आठवड्यात फोनवर तिची यादी वाचून दाखवली. ८३ वस्तू. दुकानाच्या साईटवर रजिस्ट्री, म्हणजे लोकांनी भेट द्यायच्या वस्तूंची नोंद, उघडली की ही यादी तेच देतात आणि पहिलटकरणीला वाटतं यातलं एक जरी राहिलं तर बाळाचं कसं होणार. मी म्हटलं अगं थांब, काही मागवू नकोस, संध्याकाळी येते. अशा संध्याकाळी आतापर्यंत बऱ्याच जणींकडे झाल्या, तेच तेच बोलून होतं, म्हणून एकदा लिहूनच काढते.

मी २०१२ ला एडिसनला आले. मोठी लेक २०१४ च्या जानेवारीतली, धाकटा २०१८ चा. दोन्ही वेळा भाड्याचं घर, दुसरा मजला, लिफ्ट नाही, गाडी एकच. तुमच्यातल्या बहुतेकांचं असंच असेल असं धरून लिहितेय, मोठं घर आणि दोन गाड्या असतील तर काही गोष्टी तुम्हाला लागू नाहीत.

पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट कार सीट. बाकी सगळं मागून आणा, जुनं आणा, उशिरा आणा, कार सीट मात्र नवीन घ्या आणि वेळेवर घ्या. आमचं काय झालं ते सांगते. आम्हाला एका ओळखीच्या कुटुंबाने त्यांची सीट दिली होती, अगदी प्रेमाने, कापड धुऊन, पट्टे पुसून. आम्ही दोघं खूष, दोनशे डॉलर वाचले. डिस्चार्जच्या दिवशी नर्स सोबत खाली आली, सीट उलटी केली आणि खालच्या स्टिकरवर बोट ठेवलं. सीटची मुदत संपून दीड वर्ष झालं होतं. मग तिने विचारलं, ही सीट कधी ॲक्सिडेंटमध्ये होती का? आम्हाला काय माहीत. फोन लावला तर कळलं की हो, एकदा मागून एकाने ठोकलं होतं, पण काही झालं नव्हतं म्हणे. नर्स शांतपणे म्हणाली, तुम्ही ठरवा, पण मी असते तर वापरली नसती. आम्ही परत वर गेलो. बाहेर बर्फ, नवरा दुकान शोधत फिरतोय, मी टाके सांभाळत बाळ घेऊन खोलीत सकाळी ११ पासून संध्याकाळी ५ पर्यंत. त्याला जी मिळाली ती आणली, महागातली. आणि ती आमच्या छोट्या गाडीत इतकी जागा खायची की पुढची सीट पार डॅशबोर्डला टेकवावी लागायची, पुढे कुणाला बसताच यायचं नाही. वापरलेली म्हणून परतही घेईनात. तीन महिन्यांनी दुसरी घेतली. दोनशे वाचवायला गेलो आणि पाचशेच्या वर गेले, पण पैशापेक्षा तो दिवस मला अजून आठवतो.

म्हणून सांगते, कार सीटला मुदत असते. प्लॅस्टिक आहे ते, उन्हाळ्यात बंद गाडीत तापतं, थंडीत गोठतं. मुदत सीटवरच छापलेली असते, खाली किंवा मागे बघा. आणि ॲक्सिडेंटमध्ये सापडलेली सीट वरून धड दिसली तरी आतला तडा दिसत नाही. आपल्या लोकांमध्ये वस्तू पुढे देण्याची पद्धत खूप चांगली आहे, माझं निम्मं घर त्यावर उभं राहिलं, पण या एका वस्तूला नाही म्हणायला शिका. समोरचा रागावला तर रागावू दे. आणि ज्यांच्याकडे जुन्या सीट पडून आहेत त्यांनीही त्या नवीन आलेल्यांच्या गळ्यात घालू नका. टार्गेटच्या दुकानात वर्षातून दोनदा, साधारण एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, जुनी सीट देऊन २० टक्के सुटीचं कूपन मिळतं, तिथे द्या.

घेताना महागडीच्या मागे लागू नका. इथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सीटला सरकारची क्रॅश टेस्ट पास व्हावीच लागते, ८० डॉलरची असो की ५०० ची. फरक कापडात आणि वजनात असतो. तुमच्या गाडीत बसते का हे जास्त महत्त्वाचं, बरीच दुकानं डेमोची सीट पार्किंगमध्ये नेऊन लावून बघू देतात, विचारा, लाजू नका. सोबत एक रजिस्ट्रेशनचं कार्ड येतं ते भरून पोस्टात टाका, म्हणजे त्या मॉडेलमध्ये काही दोष निघाला तर कंपनी तुम्हाला कळवते. आपल्यापैकी फार कमी लोक ते कार्ड भरतात.

मग लावायची कशी. सातवा संपला की बेस, म्हणजे सीटखालचा गाडीतच राहणारा भाग, गाडीत लावून टाका, डिलिव्हरीची वाट बघू नका. बेस पट्ट्याजवळ धरून जोरात हलवा, एक इंचापेक्षा जास्त सरकता कामा नये. तरी खात्री नसेल तर, आणि पहिल्या वेळी नसतेच, एनएचटीएसए या रस्ते सुरक्षेच्या सरकारी खात्याच्या साईटवर झिप कोड टाकला की जवळचे सर्टिफाईड टेक्निशियन दिसतात, कुठे पोलीस स्टेशनात असतात, कुठे फायर स्टेशनात, आणि बहुतेक ठिकाणी फुकट तपासून देतात. आम्हाला एका पोलिसाने गुडघ्यावर बसून, थंडीत, अर्धा तास शिकवलं आणि मग सगळं सोडून माझ्याकडून परत लावून घेतलं. या देशाबद्दल माझ्या तक्रारी भरपूर आहेत पण त्या माणसाला मी विसरणार नाही.

बाळाला बसवताना पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून आले पाहिजेत, छातीवरची क्लिप काखेच्या उंचीला, आणि पट्टा खांद्यापाशी चिमटीत धरायचा प्रयत्न करा, चिमटीत आला तर सैल आहे. थंडीत जाडजूड जॅकेट किंवा स्नोसूट घालून पट्टे लावायचे नाहीत, कारण धक्का बसला की जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. आतून पातळ दोन थर, पट्टे लावून झाले की वरून पांघरूण. हे आजीला पटत नाही, माझ्या आईला तर बाळ गारठणार म्हणून रडू आलं होतं, पण गाडी आधी पाच मिनिटं चालू ठेवून गरम केली की काही होत नाही. इथल्या कायद्याने २ वर्षांपेक्षा लहान आणि ३० पौंडांपेक्षा कमी वजनाचं बाळ मागे तोंड करूनच बसवावं लागतं. आणि गाडीत बाळ कितीही रडलं तरी "दे जरा मांडीवर घेते" नाही म्हणजे नाही. अगदी आपल्या देवळापासून घरापर्यंत दहा मिनिटांचा रस्ता असला तरी नाही. गाडी बाजूला लावा, थांबवा, मग घ्या. हे मी प्रत्येक घरात सांगते आणि प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतं आपण असलं काही न करता वाढलोच ना. आपण वाढलो तेव्हा ताशी ६५ मैलांच्या हायवेवर रोज जात नव्हतो हो.

आता झोपायची जागा. क्रिब, म्हणजे बाळाचा कठड्याचा पलंग, जुना चालेल पण किती जुना ते बघा. ज्याची एक बाजू खाली सरकते ते क्रिब इथे जून २०११ पासून विकायलाच बंदी आहे, बाळं अडकून गेली म्हणून. लोकांच्या बेसमेंटमध्ये ते अजून निघतात, घेऊ नका. दांड्यांमधली फट साधारण सहा सेंटिमीटरच्या आतच हवी, सोड्याचा कॅन त्यातून जात असेल तर तो क्रिब नको. आत काय ठेवायचं, तर घट्ट गादी, त्यावर ताणून बसवलेली एक चादर आणि उताणं झोपवलेलं बाळ. बस. उशी नाही, गोधडी नाही, बाजूने लावायचे मऊ बंपर नाहीत, २०२२ च्या कायद्याने बंपर विकणंही बंद झालंय. बाळ पहिले सहा महिने तरी तुमच्याच खोलीत पण तुमच्या बेडवर नाही. मला विचाराल तर क्रिबची घाईच करू नका. धाकटा आमचा वर्षभर पॅक अँड प्लेमध्ये, म्हणजे जाळीच्या घडीच्या पलंगात, झोपला, घडी होते, एका बेडरूमच्या घरात मावतं, चाळीस डॉलरला एका मराठी ताईंकडून घेतलं होतं. फक्त त्यात वरून वेगळी जाड गादी टाकायची नाही, जी सोबत येते तीच.

मोहरीच्या उशीचं सांगायलाच हवं कारण हे जवळपास प्रत्येक घरात होतं. माझी आई साताऱ्याहून आली तेव्हा तिच्या बॅगेत लाल सुती कापडाची, हाताने शिवलेली छोटी उशी होती, आत मोहरी, बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून. तिने ती सातव्या महिन्यापासून शिवायला घेतली होती, कडेला बारीक धावदोरा. पहिल्याच भेटीत डॉक्टर म्हणाल्या एक वर्षापर्यंत उशी कुठलीच नको. आई काही बोलली नाही पण घरी येऊन दुपारभर खिडकीपाशी बसून राहिली. पुढच्या भेटीला मी तिलाच आत घेऊन गेले, डॉक्टरांनी तिला समजावलं की बाळ जागं असताना समोर बसून रोज थोडा थोडा वेळ पालथं ठेवा, आणि झोपवताना एक दिवस डोकं इकडे एक दिवस तिकडे करा. ते काम आईने अंगावर घेतलं. आणि ती उशी मी दूध पाजताना कोपराखाली घ्यायचे, इतका आधार दुसऱ्या कशानेच आला नाही. तर आई येणार असेल तर आधीच फोनवर बोलून घ्या, इथे आल्यावर नको. काजळही आणू नका म्हणावं, बाजारातल्या कितीतरी काजळांत शिसं सापडलंय. गुटी द्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

आईकडून काय मागवायचं तर दुपटी. जुन्या सुती साडीची, वीस तरी. इथे पातळ मऊ कापडाचे तीन तुकडे तीस डॉलरला विकतात आणि ते आपल्या दुपट्याच्या पासंगाला पुरत नाहीत. गुंडाळायला, पुसायला, अंगावर पाजताना आडोशाला, सगळ्याला. नाडीची झबली पण आणा, नाळ पडेपर्यंत फार बरी पडतात. त्यानंतर इथले पायापर्यंतचे चेनवाले कपडे घ्या, बटणांचे नको, रात्री तीनला ती बटणं एकेक करून लागत नाहीत. न्यूबॉर्न साईजचे कपडे पाच-सहाच. इलेक्ट्रिकचं काहीही भारतातून आणू नका, इथे १२० व्होल्ट आहे.

डायपर न्यूबॉर्न साईजची दोन पाकिटं, जास्त नको, बाळ १० पौंडांच्या पुढे गेलं की ती होत नाहीत. दिवसाला दहा-बारा लागतात. हॉस्पिटलमधून निघताना खोलीत ठेवलेलं जे जे नेऊ देतात ते घ्या, नर्सला विचारा, त्या स्वतःच पिशवी भरून देतात.

ब्रेस्ट पंप विकत घेऊ नका. बहुतेक इन्शुरन्सना तो द्यावाच लागतो, पण कुठल्या दुकानातून घ्यायचा हे त्यांचं ठरलेलं असतं म्हणून सातव्या महिन्यातच फोन करा. बाटल्या दोनच घ्या, कुठली बाळाला चालते ते आधी कळू दे. स्टरिलायझर नको, पातेल्यात उकळा. वाईप्स गरम करायचं मशीन, डायपरचा खास डबा, पायातले बूट, यातलं काही नको. थर्मामीटर मात्र डिजिटल आणि चांगला हवा, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त भरलं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी डॉक्टरांना फोन. अंगावर पिणाऱ्या बाळाला डी व्हिटॅमिनचे थेंब रोज ४०० युनिट, डॉक्टर सांगतीलच.

स्ट्रोलर. आम्ही पहिल्या वेळी कार सीट वर बसते तो मोठा सेट बघत होतो, दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर एका बोटाने चालतो. दुसऱ्या मजल्यावर एका हातात बाळ घेऊन तो चढवून बघा. एका मैत्रिणीचा तो सेट वर्षभर गाडीच्या डिकीतच राहिला आणि किराणा सामान मागच्या सीटवर. त्याऐवजी नुसती हलकी फ्रेम मिळते, तिच्यावर कार सीट खटकन बसते, जुनी वीस-तीस डॉलरला कुठेही मिळेल, फक्त तुमच्या सीटच्या मॉडेलला चालते ना ते बघून घ्या. सहा महिन्यांनी बाळ बसायला लागलं की मग साधा घडीचा स्ट्रोलर. आणि घरी पोचलात, बाळ सीटमध्येच झोपलंय, तर झोपू दे म्हणून ठेवू नका, मान पुढे पडते आणि श्वास अडकू शकतो, काढून सपाट झोपवा.

आंघोळीला प्लॅस्टिकचा साधा टब पुरतो, नाळ पडेपर्यंत नुसतं ओल्या फडक्याने पुसायचं. गीझरचं तापमान १२० फॅरनहाइटच्या वर नको, भाड्याच्या घरात असाल तर सुपरला, म्हणजे बिल्डिंगची देखभाल करणाऱ्याला, सांगून कमी करून घ्या. हिवाळ्यात हीटरने हवा फार कोरडी होते, थंड वाफेचा ह्युमिडिफायर घ्या आणि रोज धुवा.

बारशाचा पाळणा विकत घेऊ नका. आमच्या ओळखीत एक लाकडी पाळणा आहे, दहा-बारा घरं फिरून आलाय, नाव ठेवण्यापुरतं बाळ त्यात, रात्री नाही. सध्या माझ्याकडे आहे. पाय सुटे होतात, चार स्क्रू आहेत ते कापडी पिशवीत कडीला बांधलेत, साध्या गाडीच्या मागच्या सीटवर मावतो. दोरी जुनी झालीय, नेणाऱ्याने नवीन आणावी.