डाइव्हिंगचं सामान घेऊन परदेशी निघताय? या चुका टाळा

बोट सुटायला दहा मिनिटं उरलेली, सगळे तयार होऊन बसलेले, आणि मी हवेच्या टाकीशेजारी रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र, हातात धरून उभा. माझा रेग्युलेटर टाकीत आट्यांनी फिरवून बसणारा, म्हणजे डिन पद्धतीचा. तिथल्या सगळ्या टाक्या योकच्या, म्हणजे रेग्युलेटर बाहेरून शिकंज्यानं आवळायच्या. अडॅप्टर माझ्याकडे होता, पण घरच्या कपाटात. पहिली डाइव्ह भाड्याच्या रेग्युलेटरवर झाली. त्याचा माउथपीस आधी कोणीतरी मन लावून चावलेला होता.

डाइव्हिंगची बॅग भरताना आपण सगळे वजनकाट्याकडे बघत बसतो. हल्ली मी त्याआधी एक प्रश्न विचारतो: ही बॅग विमानतळाच्या पट्ट्यावर आलीच नाही, तर उद्या सकाळी मी पाण्यात उतरू शकेन का?

सगळं एकाच बॅगेत कोंबणं

फिन्स, वेटसूट, बीसीडी (हवा भरायचं जाकीट) कोणत्याही बऱ्या डाइव्ह सेंटरवर भाड्यानं मिळतात. थोडे सैल-घट्ट असले तरी चालून जातं. तुमच्या चेहऱ्याला नीट बसणारा मास्क मात्र मिळेलच असं नाही, आणि नंबरच्या काचांचा तर विसराच. म्हणून मास्क, रेग्युलेटर, डाइव्ह कॉम्प्युटर आणि सर्टिफिकेशन कार्ड हातातल्या बॅगेत. नायट्रॉक्सचं (जास्त ऑक्सिजनच्या हवेचं) कार्ड वेगळं असेल तर तेही. कार्डांचे फोटो फोनमध्ये असू द्या, कारण बेटावर नेट चालेलच याचा भरवसा नसतो.

बऱ्याच विमान कंपन्या हातातल्या बॅगेला सात किलोची मर्यादा घालतात. रेग्युलेटरचा संच साधारण दोन-तीन किलोंचा होतो, तेव्हा एवढं सगळं त्यात बसतं. रेग्युलेटर बॅगेत अगदी वर ठेवा. एक्स-रेवर तो नळ्यांचा विचित्र गुंता दिसतो आणि तपासणीला बहुतेक वेळा बाहेर काढायला लावतात. होजना घट्ट घडी घालू नका, मोठ्या वळणानं गुंडाळा. फर्स्ट स्टेजचं, म्हणजे टाकीला जोडायच्या भागाचं, टोपण कोरडं आणि घट्ट बसलेलं हवं.

चाकू किंवा कात्री कायम चेक-इन बॅगेत. लोक मुख्य चाकू आठवणीनं काढतात, पण बीसीडीच्या खिशातला दोरी कापायचा छोटा लाइन कटर विसरतात. बीसीडी हातातल्या बॅगेतून नेणार असाल तर सगळे खिसे उलटे करून बघा.

बॅटऱ्या चुकीच्या बॅगेत

सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत. त्या हातातच न्यायच्या, आणि प्रत्येकीची टोकं झाकलेली हवीत. प्लॅस्टिकची डबी उत्तम, नसेल तर टोकांवर चिकटपट्टी. मर्यादा वॅट-आवरमध्ये मोजतात. १०० वॅट-आवरपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० मधल्या सुट्या बॅटऱ्या विमान कंपनीच्या संमतीनं फार तर दोन. त्यापुढची प्रवाशाच्या सामानातून जातच नाही.

बॅटरीवर नुसते मिलीअँपिअर-आवर लिहिलेले असले की लोक गोंधळतात. व्होल्टेजला अँपिअर-आवरनं गुणा, संपलं. ३.६ व्होल्ट आणि ५,००० मिलीअँपिअर-आवरचा सेल म्हणजे १८ वॅट-आवर. साध्या टॉर्चची बॅटरी मर्यादेत आरामात बसते. अडचण येते ती व्हिडिओ लाइटच्या मोठ्या बॅटरी पॅकला. त्याच्यावरचा आकडा झिजला असेल तर माहितीपत्रकाची प्रत सोबत घ्या.

टॉर्चमध्ये बॅटरी तशीच ठेवून नेणं ही आणखी एक चूक. डाइव्ह लाइट पाण्यात थंड राहील असा बनवलेला असतो. बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये चुकून सुरू झाला तर तो भयंकर तापतो. त्यामुळे असे दिवे नेण्याबद्दल विमान कंपनीला आधी विचारावं लागतं आणि बॅटरी वेगळी काढायला सांगतात. त्यांनी सांगण्याची वाट न बघता काढून ठेवलेली बरी.

मोठ्या विमानाची मर्यादा बघून भरलेली बॅग

आंतरराष्ट्रीय तिकिटावर २३ किलो असतात म्हणून २३ किलो भरायचे, आणि मग शेवटच्या टप्प्याच्या छोट्या विमानापाशी अडकायचं. मालदीवच्या सीप्लेनला सर्वसाधारणपणे २० किलो आणि हातात पाच किलो एवढीच मुभा असते. हिशोब प्रवासातल्या सगळ्यात लहान विमानाचा धरायचा. काही कंपन्या डाइव्हिंगच्या सामानाला जास्तीची सूट देतात, पण ती आधी मागून नोंदवून घ्यावी लागते. काउंटरवर सांगून उपयोग नाही.

वजनाचं शिसं आणि टाकी तिथेच घ्या. कोणी ठरावीक मापाची टाकी घरून न्यायचं म्हणत असेल तर त्याला एवढंच सांगा: तपासणीसाठी अनेक ठिकाणी टाकीचा व्हॉल्व्ह काढून आतून रिकामी दाखवावी लागते. ते करत बसण्यात काही अर्थ नाही.

चाकाची टणक पेटी दिसायला दणकट, पण रिकामीच पाच-सहा किलोंची असू शकते. मऊ बॅगेत फिन्स दोन्ही बाजूंना उभे लावले की भिंती तयार होतात, आणि मधे वेटसूटची गादी. बॅगेवर डाइव्हिंगच्या कंपनीचं भलंमोठं नाव नसलेलं चांगलं. आत महागाचं काय आहे ते जगाला सांगायची गरज नाही.

कॅमेऱ्याचं हाउसिंग बंद करून पाठवणं

हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. विमानाच्या आतला हवेचा दाब साधारण २,४०० मीटर उंचीवर असतो तितका खाली जातो, म्हणजे समुद्रसपाटीच्या जवळपास पाऊणपट. जमिनीवर बंद केलेल्या हाउसिंगमधली, म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीतली, हवा मग बाहेर ढकलू लागते. ओ-रिंग, म्हणजे झाकणाच्या फटीतली रबरी कडी, बाहेरचा दाब अडवण्यासाठी बसवलेली असते, आतला नव्हे. त्यामुळे थोडी हवा निसटते. उतरल्यावर आत दाब कमी, बाहेर जास्त, आणि झाकण काही केल्या उघडत नाही.

असं अडकलंच तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, ओ-रिंगच्या बैठकीवर चरा पडला की हाउसिंग कायमचं गळकं. व्हॅक्यूम व्हॉल्व्ह असेल तर तो मोकळा करा. नसेल तर एखादं बूच किंवा पोर्ट सावकाश सैल करून हवा आत येऊ द्या. मुळात मुख्य ओ-रिंग काढून छोट्या पिशवीत ठेवून प्रवास केला तर हा प्रश्नच उरत नाही. स्ट्रोबच्या (पाण्याखालच्या फ्लॅशच्या) बॅटरीची झाकणंही अशीच सैल ठेवायची. बीसीडीतली हवाही काढून टाका.

निघायच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंग

ही चूक मला सगळ्यात खटकते, कारण ती काळजी घेणाऱ्या माणसांकडूनच होते. रेग्युलेटर सर्व्हिसला टाकला, आदल्या संध्याकाळी आणला, तसाच बॅगेत. नव्या सीट, म्हणजे झडपेतल्या चकत्या, पहिल्या काही डाइव्हमध्ये बसतात, मग मधला दाब (फर्स्ट स्टेजमधून होजमध्ये जाणाऱ्या हवेचा) सरकतो आणि पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. हे परदेशात कळलं तर तुमच्या मॉडेलचे सुटे भाग तिथे असतील याची खात्री नाही. सर्व्हिस महिनाभर आधी उरकून निदान एकदा पोहण्याच्या तलावात तरी वापरून बघा.

टाकी उघडल्यावर आवाज येत असेल तर आधी तो कुठून येतोय ते पाहा. टाकीच्या तोंडाशी फुसफुस असेल तर बहुतेक वेळा टाकीचीच ओ-रिंग गेलेली असते. बदलली की काम झालं. योकच्या टाकीला १४ नंबरची लागते, डिनच्या रेग्युलेटरला ११२. अशा चार-सहा जवळ ठेवा. सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरायचा भाग, पाण्यात टाकताच हवा सोडत उसळत असेल तर माउथपीस खाली वळवा आणि बाजूची कळ डाइव्हपूर्वीच्या खुणेवर आणा. पण आधी शांत असलेला सेकंड स्टेज दोन-चार मिनिटांनी आपोआप सुसू करू लागला आणि थांबेचना, तर मधला दाब चढतोय. तो घेऊन पाण्यात उतरायचं नाही.

ओ-रिंगसोबत जादा मास्कचा पट्टा, फिनचा पट्टा, माउथपीस, केबल टाय, षट्कोनी चाव्या आणि कॉम्प्युटरची बॅटरी असली की पुरे. अडॅप्टर आता माझ्या रेग्युलेटरच्या पिशवीलाच बांधलेला असतो.

नवाकोरा मास्क घेऊन जाऊ नका. काचेवरचा सिलिकॉनचा थर टूथपेस्टनं दोन-तीनदा घासून काढला नाही तर त्यावर धुकं धरतच राहतं.

नकाशा बघून वेटसूट निवडणं

विषुववृत्तावर म्हणजे पाणी कोमट, हा समज प्रशांत महासागरातल्या गालापागोस बेटांवर पहिल्याच डाइव्हमध्ये उतरतो. तिथे थंड प्रवाह येतात आणि लोक पाच-सात मिलिमीटरचे सूट घालतात. बालीजवळच्या नुसा पेनिडाला वर २७-२८ अंश असताना खालून येणारं पाणी कधी २० च्याही खाली असतं, आणि मोलामोला मासा बघायला जाणाऱ्यांना नेमकं त्याच पाण्यात जायचं असतं. तिथल्या डाइव्ह सेंटरला त्या महिन्यातलं तळाचं तापमान विचारा, पृष्ठभागाचं नव्हे.

नियमही तसेच तपासा. कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटाच्या सागरी उद्यानात हातमोजे चालत नाहीत. मेक्सिकोतल्या कोझुमेलला हातमोजे आणि चाकू दोन्ही नाही. पलाऊ या बेटांच्या देशानं २०२० पासून आणि हवाईनं २०२१ पासून प्रवाळाला घातक रसायनांच्या सनस्क्रीनवर बंदी घातली आहे.

न्यूझीलंडला जाताना पाण्यात वापरलेलं सामान जाहीर करावं लागतं. तिथल्या नद्यांत २००४ मध्ये डिडिमो हे शेवाळ सापडलं, आणि ते ओल्या सामानातून पसरतं. बूटांच्या तळव्यातली माती ब्रशनं काढून, सगळं धुऊन कडक वाळवूनच न्या.

परतीची ओली बॅग

शेवटच्या दिवशी सकाळी डाइव्ह, दुपारी विमान, असा बेत तब्येतीसाठी वाईटच. एकाच साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक डाइव्ह किंवा अनेक दिवस डाइव्ह केल्यावर किमान १८ तास उडू नये, असं डायव्हर्स अलर्ट नेटवर्क सुचवतं. डीकॉम्प्रेशन डाइव्ह (वर येताना मधे थांबावंच लागतं अशी) केली असेल तर त्याहूनही बराच जास्त वेळ. हाच वेळ सामान वाळवायला मिळतो. वेटसूट आधी आतली बाजू बाहेर करून, रुंद हँगरवर, सावलीत. बीसीडीत गोडं पाणी भरून, हलवून, उलटा धरून काढायचं. मग थोडी हवा भरून टांगायचा.

तरीही सूट दमट राहिलाच तर बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंबता टॉवेलात गुंडाळा, आणि वजनात दोन किलो वरचे धरा. घरी पोचल्यावर कितीही रात्र झाली असली तरी झोपायच्या आधी तेवढी एक बॅग उघडाच. सकाळपर्यंत सूटला जो वास लागतो, तो तीन-चार धुण्यांत जात नाही.