'थ्राइव्ह' हे इंग्रजी क्रियापद वापरताना या चुका टाळा

सांगलीची हळद, तासगावची द्राक्षे किंवा महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यांवर इंग्रजीत निबंध, अहवाल किंवा माहितीपत्रक लिहिताना 'ग्रो' या शब्दाचा कंटाळा आला, की लिहिणाऱ्याला 'थ्राइव्ह' आठवतो. शब्द चांगला आहे, परंतु तो 'ग्रो'च्या जागी जसाच्या तसा बसत नाही आणि बहुतेक चुका तेथूनच सुरू होतात.

सर्वांत ठळक चूक म्हणजे त्याला कर्म जोडणे. 'फार्मर्स ग्रो टर्मरिक' हे वाक्य चालते, म्हणून 'फार्मर्स थ्राइव्ह टर्मरिक' असेही लिहिले जाते. मराठीत फुलणे-फुलवणे, वाढणे-वाढवणे अशी रूपे सहज होत असल्यामुळे या वाक्यात काही खटकतही नाही. 'थ्राइव्ह' मात्र अकर्मक आहे. जे भरभराटीला येते तेच त्याचा कर्ता, म्हणून 'टर्मरिक थ्राइव्ह्ज इन धिस सॉइल' हेच बरोबर. शेतकऱ्याचे श्रेय सांगायचे असेल, तर 'हेल्प'सारख्या दुसऱ्या क्रियापदाचा आधार घ्यावा लागतो.

हा नियम पाठ करण्यापेक्षा शब्दाचे मूळ पाहिलेले बरे. स्कँडिनेव्हियातून आलेले लोक नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत स्थायिक झाले आणि त्यांच्या नॉर्स भाषेतून 'एग', 'स्काय', 'नाइफ', 'टेक' असे रोजचे शब्द इंग्रजीत शिरले. 'थ्राइव्ह'ही त्याच वाटेने आला आणि सुमारे 1200 पासून तो इंग्रजी लेखनात आढळतो. नॉर्समधील मूळ धातूचा अर्थ 'घट्ट पकडणे' असा होता. त्याच्या 'स्वतःसाठी पकडून घेणे' या आत्मवाचक रूपापासून 'थ्राइव्ह' निघाला. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले होते, त्यांना येथे आत्मनेपद आठवेल. क्रियेचे फळ कर्त्याकडेच राहते, मग कर्म कुठून येणार?

व्युत्पत्तीचीही एक चूक प्रचलित आहे. केवळ ध्वनिसाम्यामुळे 'सर्व्हाइव्ह' आणि 'थ्राइव्ह' यांना भावंडे मानले जाते. 'सर्व्हाइव्ह' आणि 'रिव्हाइव्ह' हे 'जगणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आले असून 'थ्राइव्ह'शी त्यांचे काही नाते नाही. त्याचा खरा सोयरा 'थ्रिफ्ट' आहे. पगारदारांच्या पतसंस्थांच्या इंग्रजी नावांत 'थ्रिफ्ट अँड क्रेडिट' असे जे दिसते, तोच हा शब्द. आज त्याचा अर्थ काटकसर असला, तरी आरंभी तो भरभराट असाच होता.

'थ्राइव्ह' टाळून 'फ्लरिश' वापरणाऱ्यांनी अधिक जपावे. फूल या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेले हे क्रियापद बहरण्याच्या अर्थाने अकर्मकच आहे, पण त्याला कर्म लागले की अर्थ पालटून 'ऐटीत हवेत फिरवणे' असा होतो. त्यामुळे तलवार 'फ्लरिश' करता येते, द्राक्षबाग नव्हे.

भूतकाळी रूपांबद्दल फार काळजी नको. 'ड्राइव्ह'च्या चालीवरची 'थ्रोव्ह' व 'थ्रिव्हन' ही जुनी रूपे अशुद्ध नाहीत, पण आज 'थ्राइव्ह्ड' अधिक रूढ आहे. एकाच लेखात दोन्ही मिसळू नयेत, एवढे पुरे.

'थ्राइव्ह ऑन' हा प्रयोग मराठीत आणताना मात्र खरी परीक्षा होते. 'शी थ्राइव्ह्ज ऑन प्रेशर' याचे 'ती दबावावर भरभराटते' असे भाषांतर हास्यास्पद ठरते. 'कामाचा ताण तिला मानवतो' हे नेमके आहे. त्याचप्रमाणे बालरोगतज्ज्ञांच्या कागदावर 'फेल्युअर टू थ्राइव्ह' असे दिसले, तर त्याचा भरभराटीशी किंवा अपयशाशी संबंध जोडू नये. बाळाचे वजन व वाढ अपेक्षेप्रमाणे होत नाही, म्हणजेच बाळ बाळसे धरत नाही, एवढेच त्यातून सांगायचे असते.