बेळगावात नवीन आलात? सही करण्याआधी हे वाचा

आम्ही २००९ च्या जूनमध्ये इस्लामपूरहून बेळगावला आलो. यजमानांना उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये नोकरी लागली होती आणि वडगावात दोन खोल्या मिळाल्या. भाजीवाली मराठी, रिक्षावाला मराठी, शेजारीण मराठी. आठवड्याभरात परक्या राज्यात आल्याचं मनातून गेलंच. माझं नुकसान त्या निर्धास्तपणातून झालं. कॉलेजसाठी आलेली पोरं, लग्न होऊन आलेल्या मुली, कारखान्यात लागलेले तरुण आजही तशाच चुका करताना बघते, म्हणून लिहायला बसले.

बेळगावात बोलणं मराठीत चालतं, पण सरकारी आणि कर्जाचे कागद बहुतेक कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत असतात. आपण बोलण्यावर विश्वास ठेवतो आणि सही कागदावर करतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक माणूस बसायचा. गॅस कनेक्शन, रेशन कार्ड अशी कामं करून द्यायचा. तेव्हा माझं आधार नव्हतं. त्याने पॅन कार्डाची आणि मतदार ओळखपत्राची झेरॉक्स घेतली, चार फोटो घेतले आणि दोन छापील अर्ज पुढे सरकवले. सहीच्या जागी पेन्सिलने फुल्या मारलेल्या होत्या. तिथे बोट ठेवून म्हणाला, "अक्का, इल्लि सही माड्री." पहिला अर्ज गॅसचा, हे मला कळलं. दुसरा कसला म्हणून बाजूला बसलेल्या शाळकरी पोराला विचारलं, वर काय लिहिलंय रे? त्याने अक्षर अन् अक्षर वाचलं, "सालद अर्जी." मला वाटलं, दरसाल भरायचा काहीतरी अर्ज असेल. मी सही केली.

कन्नडमध्ये साल म्हणजे कर्ज.

२०१२ मध्ये शिवणाचं दुकान टाकायला बँकेत गेले, तेव्हा साहेबांनी कॉम्प्युटरकडे बघत विचारलं, "दुचाकीचे हप्ते का थकवलेत?" मला सायकलसुद्धा चालवता येत नाही. माझ्या नावावर, माझ्या फोटोवर, माझ्या खऱ्या सहीवर दुचाकीचं कर्ज उचललेलं होतं. सही खरी असल्यामुळे "मी घेतलं नाही" हे पटवून द्यायला मला चौदा महिने लागले. ठरवलेला गाळा हातचा गेला. दुकानासाठी जमवलेले पैसे जाण्यायेण्यात आणि वकिलात संपले. म्हणून पुन्हा पुन्हा सांगते: न वाचता आलेल्या कागदावर सही करू नका. घरमालक चांगला असला तरी, एजंट आपल्या गावाकडचा असला तरी, मागे रांग लागली असली तरी. आज मोबाइलचा कॅमेरा कागदावर धरला की भाषांतर दिसतं, ते करा. आणि साल, जामीनुदार म्हणजे जामीनदार, ओप्पिगे म्हणजे संमती, बाडिगे म्हणजे भाडं, एवढे चार शब्द कुणाकडून तरी कन्नड अक्षरात लिहून घ्या आणि नुसत्या आकारावरून ओळखायला शिका. एका संध्याकाळचं काम आहे.

झेरॉक्सचं सांगते. खोली, वसतिगृह, सिम, नोकरी, सगळीकडे आधारची प्रत मागतात आणि आपण पूर्ण नंबराची कोरी प्रत देऊन मोकळे होतो. आधारच्या संकेतस्थळावरून झाकलेलं आधार उतरवून घेता येतं. त्यात बारापैकी पहिले आठ आकडे झाकलेले असतात. राहण्याच्या जागी ते चालायला हरकत नसते. प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर तिरक्या रेघा ओढून मधोमध लिहा: फक्त भाडेकरारासाठी, अमुक घर, तारीख, सही. अक्षरं फोटोवर आणि नंबरावर आली पाहिजेत. कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं. झेरॉक्स बिघडली तर तिथल्या टोपलीत टाकू नका, घरी आणा. दुकानदाराला व्हॉट्सॲपवर कागद पाठवून प्रिंट काढली असेल, तर समोर उभं राहून त्याच्या मोबाइलमधून तो काढून टाकायला लावा. त्याला राग आला तर येऊ द्या.

लग्न होऊन आलेल्या मुलींनी आणखी एक बघावं. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच, त्यात आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं. असं असलं की तुमच्या नावावरचं खोटं कर्ज तुम्हाला लवकर सापडत नाही आणि सापडलं तर ते खोडून काढणं अवघड जातं. पहिल्या सहा महिन्यांत सगळीकडे एकच नाव करून घ्या.

आता मोबाइल नंबर. इथे आल्यावर सगळे नवा नंबर घेतात आणि गावाकडचा रिचार्ज न करता सोडून देतात. पण बँक, आधार, पॅन, ईमेल सगळं त्या जुन्या नंबरालाच जोडलेलं असतं. बंद झालेला नंबर कंपनी किमान ९० दिवस राखून ठेवते, त्यानंतर तो दुसऱ्या कुणाला देऊ शकते. मग तुमचे ओटीपी कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या हातात पडतात. म्हणून आधी बँकेत आणि आधार केंद्रात नंबर बदला, मगच जुना सोडा.

घरात बसल्या बसल्या सिमची रेंज अचानक गेली आणि तासाभरात आली नाही, तर दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला विचारा. आपल्याकडे सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे-पलीकडे रेंज जाते-येते, त्यामुळे कुणाला त्यात विशेष वाटत नाही. पण कुणीतरी तुमच्या नावाने दुसरं सिम काढलं की तुमचं सिम असंच मुकं होतं. तुमच्या नावावर किती सिम आहेत हे केंद्र सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर दिसतं. माझं नाही, असं तिथेच नोंदवता येतं. मोबाइल हरवला तर तोही तिथूनच बंद करता येतो.

पोलीस असल्याचं सांगून कुणी व्हिडिओ कॉलवर "तुम्हाला डिजिटल अटक केली आहे" म्हणून धमकावलं, तर असं काही नसतं, फोन ठेवून द्या.

आपल्या माणसांबद्दल थोडं कडू बोलते. सीमाभागात नातीगोती दोन्हीकडे असतात. निपाणी, चिकोडी, खानापूर या बाजूला फिरणारे काही जण बायकांना सांगतात, "ताई, इकडची गृहलक्ष्मी आणि तिकडची लाडकी बहीण, दोन्ही मिळवून देतो, कागद द्या." असं म्हणणारा माणूस तुमच्या कागदांवर टपलेला आहे. तो मराठी बोलतो, ओळखीचा सांगतो, म्हणून आपण देतो. तसंच बचत गटाच्या नावाखाली, "कर्ज तुमच्या नावावर काढू, हप्ते आम्ही भरू, वरचे थोडे पैसे तुमचे." हप्ते कुणी भरत नाही. तुमच्या संमतीने तुमचं नाव वापरलं गेलं की सुटणं माझ्यापेक्षाही कठीण.

म्हणून वर्षातून एकदा स्वतःच्या नावावर काय काय चाललंय ते बघा. सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. मला २०१२ मध्ये पैसे भरून मागवावा लागला होता. मी दर तीन महिन्यांनी एकेका कंपनीचा काढते, म्हणजे वर्षभर पहारा राहतो. गटाची छोटी कर्जं क्रिफच्या अहवालात जरूर बघा.

तरीही झालंच तर?

खात्यातून पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० या सरकारी सायबर मदत क्रमांकाला. नवऱ्याला, भावाला, मॅनेजरला नंतर. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, तेवढ्यात अडवले तरच अडतात. मग बँकेला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. तुमची चूक नसताना बाहेरच्याने पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तोटा तुमच्यावर येत नाही, असं रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे. ओटीपी आपणच सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचा तोटा आपला.

कर्ज निघालं असेल तर ज्याने कर्ज दिलं त्याला लेखी कळवा: हे माझं नाही, अर्जाची आणि जोडलेल्या कागदांची प्रत द्या. ती प्रत फार मोलाची. माझ्या प्रकरणात अर्जावरचा मोबाइल नंबर आणि पत्ता माझा नव्हता, त्यावरच मी सुटले. त्याच वेळी अहवाल देणाऱ्या कंपनीकडेही हरकत नोंदवा. आता तीस दिवसांत निकाल लावला नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते.

पोलिसांकडे जायला मी तीन आठवडे घाबरले. मराठी बोललं की हाकलतात, असं मला आपल्याच लोकांनी सांगितलं होतं. प्रत्यक्षात तिथल्या हवालदाराने मला पाणी दिलं आणि माझ्याशी मराठीतच बोलला. तेव्हापासून हे ऐकीव भय मी कुणाला पसरवू देत नाही. कोणत्याही अधिकाऱ्याकडे देशात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने दिलेला आहे, त्यामुळे मराठीत लिहा. सोबत इंग्रजी प्रत जोडा, कारण पुढे तो कागद मुंबई-बंगळूरच्या कंपनीत वाचला जातो. सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) पोलीस ठाणं आहे, तिथे जा.

खातं कोल्हापूरच्या शाखेत, राहायला बेळगावात, मग हे म्हणतात तिकडे जा आणि ते म्हणतात इकडे या. सीमेवरच्या माणसाला हे नेहमीचं. अशा वेळी 'झिरो एफआयआर' हा शब्द उच्चारा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, १७३ व्या कलमाप्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार घ्यावी लागते आणि प्रत फुकट द्यावी लागते. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ सी (66C) कलमाखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, ते कलमही अर्जात लिहा.

न घेतलेल्या कर्जासाठी वसुलीवाले दारात आले तर भांडू नका, सह्या करू नका, "थोडे तरी भरा" म्हटलं तर एक रुपया देऊ नका. भरलात की कर्ज तुमचं असल्याचं कबूल केल्यासारखं होतं. मायक्रोफायनान्सच्या वसुलीतली दमदाटी कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये वटहुकूम काढून गुन्हा ठरवली आहे. ११२ ला फोन करा.

शेवटी म्हाताऱ्या माणसांचं. गावाकडून आईवडील इथे आणले की त्यांची पेन्शन अंगठा लावून निघते. २०२३ मध्ये मंगळूर, बंगळूर भागात दस्तनोंदणीसाठी दिलेले ठसे उचलून खाती रिकामी केल्याच्या तक्रारी आल्या होत्या. आमच्या शेजारच्या आजींना एक जण दर महिन्याला "लागला नाही, परत लावा" म्हणून तीनतीनदा अंगठा लावायला सांगायचा. मी एमआधार ॲपवरून त्यांचे ठसे कुलूपबंद केले. आता महिन्याच्या त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर जाते, यंत्रासमोर उभं राहिल्यावरच कुलूप उघडते. दहा मिनिटांनी ते आपोआप लागतं. पावती आजी स्वतः मागून घेतात आणि कनवटीला लावतात.