फिलिपिनो परिचारिकेची परदेशवाट : घरच्या परवान्यापासून परदेशातील नोंदणीपर्यंत

दुबई, रियाध किंवा लंडन येथील रुग्णालयांत काम केलेल्या मराठी परिचारिकांना फिलिपिनो सहकारी परक्या नसतात. एकाच वॉर्डात, एकाच पाळीत दोघी शेजारी उभ्या असतात आणि दोघींनी दिलेल्या परीक्षाही पुष्कळदा त्याच असतात. तरीही फिलिपिन्समधून बाहेर पडण्याची वाट आपल्याकडच्या वाटेहून वेगळी आहे, कारण तेथे परदेशी नोकरीला निघालेल्या माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पावलावर सरकारी नोंद लागते. नुकतीच उत्तीर्ण झालेली फिलिपिनो परिचारिका ही वाट कोणत्या क्रमाने चालली तर तिचे पैसे आणि वर्षे वाचतील, हे येथे सांगितले आहे. बहुतेक जणी आधी भरती करणारी एजन्सी गाठतात आणि मग कागदपत्रांच्या मागे धावतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे: आधी परवाना, मग कागद आणि अनुभव, त्यानंतर परदेशी परीक्षा, आणि एजन्सी सर्वांत शेवटी.

घरचा परवाना

चार वर्षांची नर्सिंगची पदवी हाती आली म्हणजे फिलिपिन्समध्ये परिचारिका म्हणून काम करता येते असे नाही. २००२ च्या नर्सिंग कायद्यानुसार, म्हणजे रिपब्लिक ॲक्ट ९१७३ नुसार, प्रोफेशनल रेग्युलेशन कमिशनची परवाना परीक्षा द्यावी लागते. या आयोगाला तेथे सगळे पीआरसी म्हणतात आणि परीक्षेला नुसते 'बोर्ड'. ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. तिचे पाच भाग असून सरासरी ७५ टक्के गुण मिळवावे लागतात आणि कोणत्याही भागात ६० टक्क्यांच्या खाली जाऊन चालत नाही. उत्तीर्ण झाल्यावर शपथविधी होतो, नोंदणी प्रमाणपत्र मिळते आणि तीन वर्षे चालणारे पीआरसीचे ओळखपत्र हाती येते. निकाल लागला म्हणून येथे थांबू नये. शपथ आणि नोंदणी पूर्ण झाल्याशिवाय कायद्याच्या दृष्टीने ती परिचारिका नसते, आणि परदेशी मंडळे पीआरसीकडे चौकशी करतात ती नोंदणीचीच.

या घरच्या परवान्याचे मोल किती असते, हे २००६ साली कळले. त्या वर्षीच्या जून महिन्यातील बोर्डाची प्रश्नपत्रिका फुटली. अमेरिकेत परदेशी परिचारिकांची पात्रता तपासणाऱ्या सीजीएफएनएस या संस्थेने २००७ च्या आरंभी असा निर्णय दिला की, त्या तुकडीतील परिचारिकांनी तिसरा आणि पाचवा भाग पुन्हा दिल्याशिवाय त्यांना अमेरिकी व्हिसासाठी लागणारे प्रमाणपत्र मिळणार नाही. ज्या मुलींनी प्रामाणिकपणे अभ्यास केला होता, त्यांनाही पुन्हा परीक्षेला बसावे लागले.

कागदपत्रे : येथे वेळ घालवावा

सर्वांत जास्त अर्ज रखडतात ते परीक्षेमुळे नव्हे, तर नावामुळे. फिलिपिनो पद्धतीत आईचे माहेरचे आडनाव मधले नाव म्हणून लावतात, आणि लग्नानंतर पुष्कळ जणींचे मधले नाव व आडनाव दोन्ही बदलतात. जन्मदाखल्यावर एक, पदवीवर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे नाव असेल, तर परदेशातील कारकुनाला त्या तीन वेगळ्या व्यक्ती वाटतात. म्हणून अर्ज करण्याआधी फिलिपिन्स सांख्यिकी प्राधिकरणाचा जन्मदाखला, विवाहदाखला, पदवी प्रमाणपत्र, पीआरसीचे ओळखपत्र आणि पासपोर्ट एकत्र ठेवून प्रत्येक अक्षर ताडून पाहावे. चूक सापडली तर ती त्याच वेळी दुरुस्त करून घ्यावी. आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव मधे लागते आणि लग्नानंतर तेही बदलते, त्यामुळे हा ताप मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

महाविद्यालयाकडून गुणपत्रक घेताना प्रत्यक्ष रुग्णालयातील प्रशिक्षणाचे तासही लिहून घ्यावेत. कोणत्या विषयात वर्गातले किती तास झाले आणि वॉर्डातले किती, याची विभागणी अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया येथील तपासणीत बारकाईने पाहिली जाते. बालरोग, मनोरुग्ण किंवा प्रसूती विभागातील तास अपुरे दिसले, तर पुरवणी अभ्यासक्रम गळ्यात पडतो. हे कागद बहुधा महाविद्यालयाने थेट परदेशी संस्थेला पाठवावे लागतात आणि उमेदवाराच्या हातून गेलेली प्रत स्वीकारली जात नाही. म्हणूनच शिक्षक आणि कार्यालयातील माणसे ओळखीची असतात त्या पदवीनंतरच्या पहिल्या वर्षातच हे काम उरकावे.

१४ मे २०१९ पासून फिलिपिन्स अपोस्टिल कराराचा, म्हणजे एकमेकांचे सरकारी कागद एकाच शिक्क्यावर खरे मानणाऱ्या देशांच्या कराराचा, सदस्य आहे, त्यामुळे करारातील देशांसाठी परराष्ट्र खात्याचा अपोस्टिल शिक्का पुरतो आणि त्या त्या वकिलातीत पुन्हा रांग लावावी लागत नाही. ज्या देशांना हा करार लागू नाही, तेथे मात्र वकिलातीची जुनी वाट चालावीच लागते.

पहिली दोन वर्षे

कायद्याने काही देश अनुभवाची अट घालत नाहीत. ब्रिटनची नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल पूर्वी बारा महिन्यांचा अनुभव मागत असे; आता ती अट राहिलेली नाही. पण नोंदणी देणारी संस्था आणि नोकरी देणारे रुग्णालय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आखाती देशांतील रुग्णालये साधारणपणे दोन वर्षांचा रुग्णालयीन अनुभव मागतात, आणि अतिदक्षता, शस्त्रक्रियागृह, डायलिसिस अशा विभागांतील अनुभवाला चांगला भाव मिळतो.

हा अनुभव मिळवताना एका गोष्टीला ठामपणे नकार द्यावा. 'स्वयंसेवक परिचारिका' या नावाखाली नव्या मुलींना बिनपगारी राबवण्याची, एवढेच नव्हे तर प्रशिक्षण शुल्क म्हणून त्यांच्याकडूनच पैसे घेण्याची प्रथा तेथे बरीच वर्षे चालली. असा अनुभव परदेशी मालक नोकरी म्हणून मोजतीलच असे नाही. त्यापेक्षा ग्रामीण भागात परिचारिका पाठवणारी आरोग्य खात्याची योजना किंवा सरकारी रुग्णालयातील नेमणूक कितीतरी चांगली. सरकारी परिचारिकेला किमान वेतनश्रेणी १५ मिळाली पाहिजे, ही कायद्यातील तरतूद फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वैध ठरवली. खासगी रुग्णालयातील पगार पुष्कळदा याहून बराच कमी असतो.

नोकरी सोडताना अनुभवपत्रावर विभाग, खाटांची संख्या, आठवड्याचे तास, पद, आणि रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख यांतले काहीही वगळू देऊ नये. सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातीसाठी डेटाफ्लो ही संस्था हे पत्र थेट रुग्णालयाकडे पाठवून पडताळते. तेथून उत्तर आले नाही, तर खरा अनुभवही कागदावर उतरत नाही.

देश निवडताना

ब्रिटनची वाट सध्या सर्वांत स्पष्ट आहे. कौन्सिल आधी पात्रता तपासते. सीबीटी ही संगणकावरची परीक्षा मनिलातच देता येते. तिचा एक भाग औषधमात्रांच्या गणिताचा असतो आणि दुसरा परिचर्येच्या ज्ञानाचा. ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा मात्र ब्रिटनमध्येच द्यावी लागते. तिच्यात दहा टप्पे असतात आणि तिचे शुल्क सुमारे ८०० पौंड आहे. चांगला मालक हा खर्च स्वतः उचलतो आणि परीक्षेची तयारीही करून घेतो, म्हणून नेमणूक स्वीकारण्याआधी हे लेखी विचारून घ्यावे. इंग्रजीसाठी आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण व संभाषणात ७ आणि लेखनात ६.५ लागतात. ओईटी या आरोग्यसेवकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेत बी श्रेणी लागते, लेखनात सी प्लस चालते. फिलिपिन्समध्ये नर्सिंग इंग्रजीतून शिकवले जाते, तरी लेखनाचा पेपर अनेकींना अडवतो. ओईटीत रुग्णाला दुसरीकडे पाठवतानाचे पत्र लिहायचे असते आणि ते रोजच्या कामाच्या जवळचे आहे, त्यामुळे वॉर्डात रुळलेल्या मुलीने तो पर्याय आधी पाहावा.

अमेरिकेची वाट लांब आहे. राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे अर्ज करावा, सीजीएफएनएसकडून (या संस्थेचे नाव आता ट्रूमेरिट आहे) शिक्षणाचे मूल्यांकन करून घ्यावे आणि मग एनक्लेक्स-आरएन ही परवाना परीक्षा द्यावी. ही परीक्षा २००७ पासून मनिलात देता येते. प्रत्येक उत्तरानुसार संगणक पुढचा प्रश्न ठरवतो. प्रश्न किमान ८५ आणि कमाल १५० येतात, आणि वेळ पाच तासांचा असतो. २०२३ पासून एखाद्या रुग्णाचे प्रकरण समोर ठेवून निर्णयशक्ती तपासणारे प्रश्न त्यात वाढले आहेत, त्यामुळे जुन्या प्रश्नसंचांवर विसंबू नये. राज्य निवडताना परवाना देण्याआधी तेथे सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे अमेरिकी सरकार तेथील रहिवाशांना देते तो ओळख क्रमांक, मागतात का, हे पाहावे, कारण मनिलात बसलेल्या मुलीकडे तो नसतो.

एनक्लेक्स उत्तीर्ण झालेल्या मुलीला फिलिपिन्समध्ये 'यूएसआरएन', म्हणजे अमेरिकेची नोंदणीकृत परिचारिका, म्हणू लागतात, पण खरी प्रतीक्षा त्यानंतर सुरू होते. परिचारिका अमेरिकेच्या शेड्यूल ए यादीत असल्यामुळे मालकाला स्थानिक उमेदवार शोधल्याचा पुरावा द्यावा लागत नाही. तरीही ज्यावर परिचारिका नोकरीसाठी कायमच्या जातात त्या ईबी-३ व्हिसाला वार्षिक मर्यादा आहे आणि अर्जाच्या तारखेनुसार नंबर लागतो. अलीकडे ही प्रतीक्षा महिन्यांत नव्हे, वर्षांत मोजावी लागली आहे. येथे क्रमाची चूक महागात पडते. इंग्रजीचा निकाल दोन वर्षांत शिळा होतो आणि व्हिसास्क्रीन, म्हणजे व्हिसासाठी लागणारे सीजीएफएनएसचे प्रमाणपत्र, पाच वर्षे टिकते. म्हणून एनक्लेक्स लवकर द्यावी, कारण अभ्यास ताजा असतो, आणि इंग्रजीची परीक्षा मात्र नंबर जवळ आल्यावर द्यावी. दरम्यान काम सोडू नये.

एनक्लेक्स कॅनडातही चालते आणि ऑस्ट्रेलियाच्या वाटेवरही लागते. ऑस्ट्रेलियात तिच्यानंतर प्रात्यक्षिक परीक्षा असते. २०२५ पासून ब्रिटन, आयर्लंड, सिंगापूर, अमेरिका अशा काही देशांत नोंदणी असलेल्या आणि तेथे १,८०० तास काम केलेल्या परिचारिकांना ऑस्ट्रेलियाने सोपी वाट दिली आहे. त्यामुळे पहिला देश निवडताना दुसऱ्या देशाचाही विचार करावा.

जर्मनीसाठी परीक्षेआधी भाषा येते. २०१३ पासून दोन्ही सरकारांच्या करारावर चालणारा ट्रिपल विन हा कार्यक्रम उमेदवाराकडून शुल्क घेत नाही. जर्मन भाषेची बी-१ पातळी गाठून प्रवास करता येतो, बी-२ आणि पात्रतेची मान्यता तेथे गेल्यावर मिळवायची असते आणि तोपर्यंत साहाय्यक म्हणून काम करावे लागते. केरळही या कार्यक्रमात आहे, आणि महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे, म्हणून आपल्या मुलींनीही हा भाग नीट वाचावा. जपानसोबतच्या करारात परिचारिकेला तीन वर्षांचा अनुभव लागतो आणि तेथील राष्ट्रीय परीक्षा जपानी भाषेत द्यावी लागते. नव्या पदवीधरेला त्यात वृद्धसेवेची वाट खुली असते, परंतु ते परिचारिकेचे काम नव्हे.

सरकारी परवानगी आणि करारपत्र

परदेशी नोकरभरतीवर देखरेख ठेवणाऱ्या पूर्वीच्या पीओईए या सरकारी संस्थेचे काम आता डिपार्टमेंट ऑफ मायग्रंट वर्कर्स हे स्थलांतरित कामगारांचे खाते करते. एजन्सीचे नाव या खात्याच्या यादीत आहे का, तिचा परवाना चालू आहे का आणि सांगितलेल्या मालकासाठी भरती करण्याची मंजुरी तिच्याकडे आहे का, या तीनही गोष्टी पाहाव्यात. पहिल्या दोन पाहून तिसरी विसरणाऱ्या मुली फसतात. नेमणुकीचे शुल्क जेथे घेता येते तेथेही ते एका महिन्याच्या पगाराहून जास्त असू शकत नाही आणि करारावर सही होण्याआधी घेता येत नाही. ब्रिटनसाठी तर उमेदवाराकडून भरतीचे शुल्क घेणेच मान्य नाही. तीन किंवा अधिक जणांना बेकायदा भरतीत फसवणे हा तेथील कायद्यात आर्थिक घातपाताचा गुन्हा असून त्याला जन्मठेपेची शिक्षा आहे, म्हणून फसवणूक झाल्यास लाजून गप्प बसू नये, तक्रार करावी.

करारपत्र परदेशातील फिलिपिनो कामगार कार्यालयाने पडताळलेले असावे. वैद्यकीय तपासणी, प्रस्थानपूर्व मार्गदर्शन आणि ओडब्ल्यूडब्ल्यूए या कल्याण संस्थेचे २५ डॉलरचे सदस्यत्व झाल्यावर परदेश नोकरी प्रमाणपत्र मिळते. विमानतळावर ते पाहिले जाते. 'पर्यटक म्हणून जा, तिकडे व्हिसा बदलू' असे सांगणारा माणूस त्या मुलीला या सगळ्या संरक्षणाच्या बाहेर काढत असतो.

करारात मुदतीआधी नोकरी सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल, ते कलम आधी वाचावे. न्यूयॉर्कमधील एका नर्सिंग होम समूहाने फिलिपिनो परिचारिकांच्या करारात २५,००० डॉलरपर्यंतच्या दंडाची अट घातली होती. २०१९ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने ती अट लागू करता येणार नाही आणि ती मानवी तस्करीविरोधी कायद्याचा भंग करते, असा निकाल दिला. सगळ्याच परतफेडीच्या अटी अशा नसतात. ऑस्कीचे शुल्क किंवा विमानभाडे ठरावीक मुदतीत कमी होत जाणाऱ्या हप्त्यांनी वळते करणे वेगळे आणि माणसाला बांधून ठेवणारा दंड वेगळा. रक्कम, मुदत आणि ती दरमहा कशी घटते, हे आकड्यांत लिहिलेले नसेल तर सही करू नये.

परदेशात रुजू झाल्यावर पीआरसीचे ओळखपत्र विसरले जाते, आणि त्याची मुदत दर तीन वर्षांनी वाढदिवसाला संपते. पुढे दुसऱ्या देशात अर्ज करताना तेथील मंडळ पुन्हा मनिलाकडे चौकशी करते, त्यामुळे नूतनीकरणाची तारीख नव्या देशातील नोंदणीच्या तारखेशेजारीच लिहून ठेवावी.