आधी अंदाज, मग टिंब: मुलांना दशांशांचा गुणाकार कसा शिकवावा

भांडुपला माझ्याकडे संध्याकाळी पाचवी-सहावीची मुलं गणिताला येतात. त्यातल्या एका मुलीने वहीत लिहिलं होतं, ०.६ × ०.४ = २.४. सहा चोक चोवीस तिला पाठ होतं आणि टिंब द्यायलाही ती विसरली नव्हती. मी विचारलं, "०.६ एकापेक्षा मोठा की लहान?"

"लहान."

"आणि ०.४?"

"तोही लहान."

"मग उत्तर दोनापेक्षा मोठं कसं आलं?"

ती जरा थांबली आणि म्हणाली, "बाई, गुणलं की वाढतंच ना?"

सगळी अडचण तिच्या या एका वाक्यात आहे. दुसरीपासून तिने केलेला जवळजवळ प्रत्येक गुणाकार वाढलेलाच होता. तिला "दोन्हीकडची टिंबानंतरची घरं मोज आणि उजवीकडून तेवढी घरं सोडून टिंब दे" एवढंच सांगितलं असतं, तर उत्तर बरोबर आलं असतं, पण तिची समजूत तशीच राहिली असती. म्हणून घरं मोजायचा नियम मी अगदी शेवटी सांगते. तोवर काय करायचं, ते पुढे देते आहे. रोज पंधरा मिनिटं बसलात तर दोन-तीन आठवड्यांत होण्यासारखं काम आहे. चौकटीची वही, दोन रंगीत पेन्सिली आणि शिंप्याची टेप एवढं सामान पुरतं.

पहिली पायरी: संख्या नीट वाचायला लावा

बहुतेक मुलं २.२५ ला "दोन पॉइंट पंचवीस" म्हणतात. मोठी माणसंही म्हणतात, त्यामुळे कुणी टोकत नाही. पण त्याच मुलाला विचारा, २.२५ मोठा की २.३? पंचवीस तीनापेक्षा मोठे, म्हणून २.२५ मोठा, असं उत्तर येतं. त्यामुळे टिंबानंतरचे अंक सुटे वाचायची सवय लावा: दोन पॉइंट दोन पाच. नाहीतर पूर्ण वाचा: दोन पूर्णांक पंचवीस शतांश. २.३ म्हणजे दोन पूर्णांक तीन दशांश, आणि तीन दशांश म्हणजे तीस शतांश. मग कोण मोठं ते मूल स्वतःच सांगतं.

एक छोटी चाचणी घ्या. ०.५ आणि ०.४५, १.०५ आणि १.५, ०.०८ आणि ०.१ या जोड्यांमधली मोठी संख्या ओळखायला सांगा. इथे अडखळलं, तर गुणाकाराकडे जाऊ नका. दोन दिवस इथेच घालवा, ते पुढे भरून निघतात.

इथे रुपये-पैशांचं उदाहरण देण्याचा मोह होतो. मी ते आता देत नाही. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून गेली. आज पाचवीत असलेल्या मुलाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. घरातला बहुतेक व्यवहार फोनवर होताना ते बघतं. पैसा म्हणजे रुपयाचा शंभरावा भाग, हे त्याला आपण सांगायचं आणि मग त्यावरून शतांश समजावायचा, हा उलटा प्रवास झाला. त्यापेक्षा टेप घ्या आणि मुलाचीच उंची मोजा. १ मीटर ३२ सेंटिमीटर म्हणजे १.३२ मीटर. १ मीटर ५ सेंटिमीटर म्हणजे १.०५, आणि १ मीटर ५० सेंटिमीटर म्हणजे १.५. भिंतीवर पेन्सिलीने दोन्ही खुणा केल्या की १.०५ आणि १.५ यांत पुन्हा गोंधळ होत नाही.

दुसरी पायरी: "गुणिले" ऐवजी "चा" म्हणून बघा

आपल्याकडे एक मोठी सोय आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मुलाला शाळेत जायच्या आधीपासून येतात. जुन्या पिढीने तर यांचे पाढेच पाठ केले होते: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते, त्यामुळे या पाढ्यांवाचून बाजारात पाऊल टाकता येत नसे. आजच्या मुलाला औटकी पाठ करायला लावू नका, पण घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना पावकी म्हणून दाखवायला जरूर सांगा. ते म्हणतात तेव्हा शेजारी कागदावर ०.२५, ०.५, ०.७५, १ असं लिहीत जा. आजीचा पाढा आणि वहीतला दशांश एकच आहेत, हे त्या कागदावर दिसतं.

आता तोंडी प्रश्न विचारा, पेन्सिल हातात न घेता. घरी रोज दीड लिटर दूध येतं, तर आठवड्याचं किती? मूल म्हणेल, सात आणि साताचे अर्धे साडेतीन, म्हणजे साडेदहा. मग लिहा: १.५ × ७ = १०.५. तीस रुपये किलोचे कांदे अडीच किलो घेतले, तर पंचाहत्तर रुपये. लिहा: २.५ × ३० = ७५.

मग अगदी सहज विचारा, "अर्ध्याचा अर्धा किती?"

"पाव."

"लिहून दाखव."

०.५ × ०.५ = ०.२५. गुणाकार झाला आणि उत्तर कमी झालं. माझ्या त्या विद्यार्थिनीने हे लिहिल्यावर पुन्हा ०.६ × ०.४ कडे बघितलं आणि खोडरबर उचललं. मी तिला थांबवलं, कारण उत्तर किती ते अजून तिला ठाऊक नव्हतं. फक्त २.४ नाही, एवढं कळलं होतं. पण ते कळणं फार मोलाचं आहे. म्हणून एकाहून लहान संख्या आली की × हे चिन्ह "चा, ची, चे" असं वाचायला सांगा. आठाचा पाव, दहाचे पाऊण, अर्ध्याचा पाव. "चा" म्हटलं की उत्तर मूळ संख्येपेक्षा लहान येणार, हे मराठी कानाला आपोआप कळतं.

तिसरी पायरी: दहाने गुणताना शून्य लावू नका

"दहाने गुणलं की शेवटी शून्य लाव" हे आपणच मुलांना तिसरीत शिकवलेलं असतं. दशांशात ते चालत नाही. २.५ च्या पुढे शून्य लावलं तर २.५० होतं, म्हणजे होतं तेवढंच राहतं. शतक, दशक, एकक, दशांश, शतांश असा तक्ता आखा आणि अंक कागदाच्या तुकड्यांवर लिहून सरकवा. दहाने गुणलं की प्रत्येक अंक एक घर डावीकडे सरकतो. टिंब आपल्या जागी असतं.

मुंबईच्या मुलासाठी माझं आवडतं उदाहरण लोकलच्या रुळांचं आहे. दोन रुळांमधलं अंतर १.६७६ मीटर असतं. शंभराने गुणा, १६७.६ सेंटिमीटर. हजाराने गुणा, १६७६ मिलिमीटर. रूळ तिथेच आहेत, आपण एकक बदलत गेलो. टेप घरात जमिनीवर तेवढी पसरून दाखवा. लोकल इतक्या रुंद रुळांवरून धावते, याचं मुलांना नवल वाटतं आणि आकडा लक्षात राहतो.

चौथी पायरी: शंभर चौकटींचा चौरस

ही पायरी घाईने उरकू नका. चौकटीच्या वहीत दहा बाय दहाचा चौरस आखायला सांगा. हा अख्खा चौरस म्हणजे १. एक उभी ओळ म्हणजे त्याचा दशांश, ०.१. एक चौकट म्हणजे शतांश, ०.०१. हे तीन आकडे मुलाच्या तोंडून दोनदा वदवून घ्या.

आता ०.६ × ०.४. डावीकडून सहा उभ्या ओळी पिवळ्या रंगवा. हे झाले ०.६. आता त्याचे ०.४ हवेत, म्हणून वरून चार आडव्या ओळींवर निळा रंग फिरवा. पिवळ्यावर निळा आला तिथे हिरवं झालं. हिरव्या चौकटी मोजा. चोवीस. शंभरातल्या चोवीस, म्हणजे ०.२४.

ती मुलगी बोट ठेवून एकेक चौकट मोजत गेली. मध्येच थांबली आणि म्हणाली, "हे सहा चोक चोवीसच आहे, फक्त चौकटी लहान आहेत." मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

त्याच चौरसावर ०.३ × ०.३ करा. हिरव्या चौकटी नऊ येतात. बरीच मुलं इथे ०.९ लिहितात. त्यांना ०.९ रंगवून दाखवायला सांगा. नऊ पूर्ण ओळी लागतात, जवळजवळ सगळा चौरस. हिरवा तुकडा तर कोपऱ्यात एवढासा आहे. ९ च्या आधीचं शून्य कुठून आलं, हे डोळ्यांनी दिसल्यावर ०.०९ लिहायला सांगावं लागत नाही. पुष्कळ घरांत जमिनीवर साधारण फूटभर, म्हणजे ०.३ मीटर बाजूच्या लाद्या असतात. एक लादी ०.०९ चौरस मीटर. एक चौरस मीटर जागेला अकराहून किंचित जास्त लाद्या लागतात. चार भिंतींतच मोजून बघा.

पाचवी पायरी: उभी मांडणी आणि आता तो नियम

दशांश गुणिले दशांश म्हणजे शतांश, हे चौरसात दिसलेलं आहेच. अपूर्णांकात लिहून पक्कं करा. सहा दशांश गुणिले चार दशांश. वर चोवीस, खाली दहा गुणिले दहा म्हणजे शंभर. पहिल्या संख्येत टिंबानंतर एक घर, दुसऱ्या संख्येत एक घर, उत्तरात दोन. घरं का मिळवायची, याचं कारण खालच्या दहांमध्ये आहे. एवढं झालं की नियम सांगून टाका.

पण उदाहरण सोडवायच्या आधी अंदाज मोठ्याने म्हणायचा, ही अट ठेवा. २.४ × ३.५ घ्या. दोन त्रिक सहा आणि तीन चोक बारा, म्हणजे उत्तर सहा आणि बारा यांच्या मधलं. आता टिंब विसरून २४ × ३५ करा, ८४० येतात. टिंब देऊन ०.८४, ८.४० किंवा ८४.० होऊ शकतं. सहा आणि बारा यांच्या मध्ये एकच बसतं. घरं मोजूनही तेच येतं. खोलीचं माप समजा: २.४ मीटर बाय ३.५ मीटर म्हणजे ८.४ चौरस मीटर, आपल्या भाषेत सुमारे ९० चौरस फूट.

इथे तीन चुका हमखास होतात. पहिली, ८४० मधलं शेवटचं शून्य आधीच उडवायचं आणि मग दोन घरं मोजायची, उत्तर ०.८४. शून्य काढायचं तर टिंब दिल्यावर काढावं. दुसरी, बेरजेसारखी टिंबाखाली टिंब मांडणी करायची. गुणाकारात त्याची गरज नाही, अंक उजव्या कडेला सरळ मांडावेत. तिसरी, ०.०२ × ०.३ सारख्या उदाहरणात घरं कमी पडली की मूल गडबडतं. दोन त्रिक सहा, घरं हवीत तीन, म्हणून ६ च्या आधी दोन शून्यं भरायची: ०.००६.

चूक झाली की "पुन्हा कर" म्हणू नका. "किती यायला हवं होतं?" एवढंच विचारा. आणि एका बैठकीत चार उदाहरणं पुरेत. चाळीस दिलीत तर पाचव्यापासून मूल विचार करणं सोडतं आणि टिंब सवयीने टाकतं.

क्रिकेट बघणाऱ्या घरांसाठी एक सांगायलाच हवं. पडद्यावर दिसणारी ४.३ षटकं हा दशांश अपूर्णांक नाही. ती चार षटकं आणि तीन चेंडू आहेत, म्हणजे साडेचार. त्याची दुप्पट ८.६ होत नाही, ९ होते. घड्याळातलं १.३० देखील तसंच. दीड तास लिहायचा तर १.५. हुशार मुलंही इथे फसतात, म्हणून आपणहून समजावून द्या.

सहावी पायरी: मुलाला घेऊन बाहेर पडा

भाजीवाल्या मावशींकडे किंवा वाण्याकडे आता इलेक्ट्रॉनिक काटा असतो. बऱ्याच काट्यांवर तीन आकडे दिसतात: वजन, दर आणि रक्कम. पहिले दोन गुणले की तिसरा येतो. टोमॅटोचं वजन ०.३५० आणि दर ६० दिसला की मुलाला रक्कम हाताने झाकून विचारा. अर्ध्या किलोचे तीस झाले असते, म्हणजे तीसपेक्षा कमी. मग ३५० × ६० = २१०००, तीन घरं, २१ रुपये. पन्नास ग्रॅम मिरच्यांचं वजन काट्यावर ०.०५० दिसतं, ०.५० नाही, हेही तिथेच दाखवा. फक्त गर्दीच्या वेळी जाऊ नका, मागच्यांचा खोळंबा होतो आणि मूल बावरतं.

रिक्षाचं भाडं तर दशांशांच्या गुणाकारावरच चालतं. १ फेब्रुवारी २०२५ पासूनच्या मुंबईतल्या दरात रिक्षाला किलोमीटरमागे १७.१४ रुपये आहेत आणि पहिल्या दीड किलोमीटरला किमान भाडं २६. हे २६ आले कुठून, ते मुलाला काढू द्या. १७१४ × १५ = २५७१०, एकूण तीन घरं, म्हणजे २५.७१, आणि पूर्ण रुपयांत २६. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा दर २०.६६. तो दीडने गुणला की ३०.९९ येतात, म्हणून किमान भाडं ३१.

पुढच्या वेळी रिक्षात बसलात की २.७ किलोमीटरचं भाडं विचारा. सतरा त्रिक एक्कावन्न, पण तीन किलोमीटर पुरे नाहीत, म्हणजे पन्नासच्या आत. कागदावर १७.१४ × २.७ = ४६.२७८. अंदाज त्याने आधी मोठ्याने सांगायचा, मग उतरताना मीटर बघायचा.