प्रीमियर पद्मिनीची पेट्रोलगळती आणि सायलेन्सरचा आवाज

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या १०८९ सीसी इंजिनाच्या प्रीमियर पद्मिनीत पेट्रोलचा वास आणि सायलेन्सरमधले फटाके या दोन तक्रारी बहुधा एकत्रच येतात. मालक मात्र आधी सायलेन्सर बदलतो आणि आठवडाभरात पुन्हा गॅरेजच्या दारात उभा राहतो. कार्बोरेटर (पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणारा भाग) ओव्हरफ्लो होत असेल तर न जळलेले पेट्रोल पुढे जाऊन एक्झॉस्टमध्ये, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळीत, पेटते, म्हणून या कामाची सुरुवात कार्बोरेटरपासूनच करावी.

गाडी उघड्या जागेत उभी करावी, इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढावी आणि अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवावे. आधी कार्बोरेटर बाहेरून पुसून कोरडा करावा. मग केबल जोडून इंजिन दोन मिनिटे चालवावे, बंद करावे आणि ओल नेमकी कोठून सुरू होते ते टॉर्चने पाहावे. पाइपच्या जोडाशी ओल असल्यास वॉशर किंवा होज बदलावा. वरच्या झाकणाच्या कडेला असल्यास पॅकिंग गेलेले असते, आणि पेट्रोल आतल्या नळीतून कार्बोरेटरच्या घशात (हवा जाण्याच्या वाटेत) टपकत असल्यास दोष नीडल व्हॉल्वचा (पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या झडपेचा) किंवा फ्लोटचा (ती सुई वर ढकलणाऱ्या पोकळ तरंगत्या भागाचा) असतो.

कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी केबल पुन्हा काढावी. झाकण उघडल्यावर नीडल बाहेर काढून तिच्या टोकाच्या उतारावरून नख फिरवावे. नख अडेल अशी बारीक गोल खाच लागली, तर ती सुई पेट्रोल कधीच पूर्ण अडवणार नाही, आणि सुई सीटसह जोडीनेच बदलावी लागेल. फ्लोट कानाजवळ धरून हलवावा. आत पेट्रोल खळखळले तर त्याला भोक आहे. शंका राहिल्यास गरम पाण्याच्या भांड्यात बुडवून बुडबुडे पाहावेत, मात्र हे पाणी दुसरीकडे तापवून आणावे, शेगडी गाडीजवळ नको. सोलेक्स बनावटीच्या कार्बोरेटरमध्ये नीडल व्हॉल्वखालच्या वॉशरच्या जाडीवर पेट्रोलची पातळी ठरते. जाड वॉशर घातल्यास व्हॉल्व खाली सरकतो, लवकर बंद होतो आणि पातळी उतरते, त्यामुळे जुना वॉशर हरवून हाताला लागेल तो बसवणे ही गळतीला आमंत्रण देण्याचीच रीत आहे. झाकणाचे स्क्रू फार आवळल्याने मऊ धातूचे झाकण वाकते. ते काचेच्या तुकड्यावर ठेवून डुगडुगते का ते पाहावे आणि डुगडुगल्यास काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून, सगळीकडे सारखा दाब देत घासावे.

एवढे करूनही ओव्हरफ्लो थांबत नसेल, तर टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या मूळच्या पंपाऐवजी कुणी इलेक्ट्रिक पंप बसवला आहे का ते तपासावे, कारण त्याचा दाब जास्त असल्यास चांगली नीडलही उचलली जाते. मूळचा पंप असेल तर डिपस्टिक (इंजिन ऑइलची पातळी पाहायची पट्टी) हुंगून पाहावी. ऑइलला पेट्रोलचा वास आल्यास पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) फाटलेला असू शकतो, आणि अशा ऑइलवर गाडी मुळीच चालवू नये. आता पेट्रोल भरायच्या पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबर फुगते किंवा तडकते, त्यामुळे इथेनॉल सहन करणारेच होज आणि डायफ्रॅम घ्यावेत.

गळती पूर्ण थांबल्यावर आणि चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी झडप) पूर्ण उघडत असल्याची खात्री झाल्यावर एक्झॉस्टकडे वळावे. थंड इंजिनाला टिकटिक आणि तापल्यावर ती नाहीशी, हे मॅनिफोल्डचे (इंजिनातून धूर गोळा करून एक्झॉस्टकडे नेणाऱ्या भागाचे) पॅकिंग फुंकत असल्याचे लक्षण आहे, आणि जोडाशी दिसणारी काजळी ते पक्के करते. सायलेन्सरच्या टोकाला जाड ओला फडका धरून मदतनीसाला इंजिन क्षणभर चालवायला सांगावे, म्हणजे भोकातून फुसफुस ऐकू येते. हातात चामडी मोजे हवेतच. मॅनिफोल्डचे नट रात्रभर गंजनाशक तेलात भिजू द्यावेत. घाईत पाना मारल्यास स्टड (ज्यावर नट बसतो तो आट्यांचा दांडा) तुटतो, आणि तो काढणे हे मूळ कामापेक्षा मोठे काम होऊन बसते. नवे पॅकिंग बसवताना नट मधून कडेकडे, थोडे थोडे करून आवळावेत, आणि एकदा इंजिन तापून थंड झाल्यावर पुन्हा तपासावेत.

गंजलेल्या सायलेन्सरला लावलेली पेस्ट पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकेलच असे नाही, आणि गाडीच्या तळाच्या पत्र्याला भोके असतील तर विषारी वायू गाडीत शिरतो, म्हणून त्याच फेरीत पत्राही पाहून घ्यावा. शेवटी रिकाम्या रस्त्यावर वेगात असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा. अजूनही फटाका वाजला, तर जोडातून हवा आत ओढली जात आहे असे समजून एक्झॉस्टचे जोड पुन्हा तपासावेत.